डाएट चालू, दूध बंद: कॅल्शियमचा हिशेब कसा जुळवायचा?

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी. आधी आरोग्य विभागात शोधाशोध केली. दुधाला पर्याय म्हणून पाककृती भरपूर सापडल्या, पण कॅल्शियमचं गणित कुणी मांडलेलं दिसलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

माझं वय ४६. वजन उतरवायचं म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी रोजचा १३०० कॅलरींचा तक्ता दिलाय. दूध मला पहिल्यापासून सोसत नाही, पोट डब्ब होतं. त्यात लेक (वय १९) वीगन झाली, त्यामुळे दुधाची पिशवी घरात येणंच थांबलं. तिच्यासाठी बदामाचं दूध येतं, मीही तेच चहा-कॉफीत घालायला लागले. परवा पाकीट उलटं करून मागचं वाचलं. बदाम ३ टक्के, बाकी पाणी, साखर, घट्ट करायला काहीबाही. कॅल्शियमचा उल्लेखसुद्धा नाही!

तर प्रश्न असा की इतक्या कमी कॅलरींमध्ये दुधाशिवाय पुरेसं कॅल्शियम मिळू शकतं का? मी मासे खाते, लेक खात नाही. मला दही-ताक थोडंफार चालतं. मागे गोळ्या घेतल्या तेव्हा बद्धकोष्ठाने जीव नकोसा झाला होता, म्हणून शक्यतो ताटातून मिळावं असं वाटतं.

गोखलेबुवा
आमच्या लहानपणी दुधात बदाम घालायचे, आता बदामातून दूध काढतात. प्रगती आहे!
कपभर दूध घ्या हो सुंठ घालून. काही होत नाही.

शमा_के
बुवा, "काही होत नाही" हे ज्याचं पोट फुगतं त्याने ठरवायचं ना. :)
मृण्मयी, चांगला धागा. मी ओटचं दूध घेते, त्यामुळे वाचतेय.

अन्नपूर्णा_पुणे
मी पोषणशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी गरज किती ते बघू. आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या बायकांना १२००. आधीच्या, २०१० च्या शिफारशीत प्रौढांसाठी ६०० होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तो आकडा दिसला तर गोंधळू नका. गायीचं असो की म्हशीचं, १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम असतं. म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात २४० च्या आसपास.

आता डाएटचा मुद्दा. हा लोक सोडूनच देतात. साय काढलेल्या, स्किम दुधाच्या त्या पेल्यात जेमतेम ७० कॅलरी असतात. दूध सोडल्यावर नुसतं कॅल्शियम जात नाही, कमी कॅलरींत मिळणारं कॅल्शियम जातं. १३०० कॅलरींत १००० मिलिग्रॅम बसवायचं तर प्रत्येक १०० कॅलरींमागे पाऊणशेच्या वर कॅल्शियम यायला हवं. गव्हाच्या पोळीत १०० कॅलरींमागे बारा-पंधरा, तांदळात दोन-तीन, तूरडाळीत वीसच्या घरात. म्हणजे आपलं वरण-भात-पोळी कितीही सात्त्विक असलं तरी या परीक्षेत नापास. बदाम १०० कॅलरींमागे चाळीसेक देतात. मूठभर बदामांवर हाडं सांभाळायची तर वजन वाढणारच.

पास होणारे वेगळेच आहेत. नाचणी (१०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास, कॅलरी सव्वातीनशे), हिरवा पाला, कॅल्शियम घालून जमवलेला टोफू, कॅल्शियम घातलेलं बिनसाखरेचं सोया दूध, काट्यासकट खायचे छोटे मासे. घरचं ताक सोसत असेल तर तेही. विरजणात लॅक्टोज (दुधातली साखर) थोडं कमी होतं आणि विरजणातले जिवाणू उरलेलं पचवायला मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या कित्येकांना ताक चालतं.

तेव्हा दुधासारखं पांढरं काय मिळेल हे शोधू नका. कुठल्या पदार्थात १०० कॅलरींमागे किती कॅल्शियम आहे आणि त्यातलं किती अंगी लागतं, एवढं बघा.

शमा_के
मग पालक? माझं रोजचं पालकाचं स्मूदी…

अन्नपूर्णा_पुणे
शमा, पालकाने निराशा होईल. त्यात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. १९८८ साली हीनी आणि वीव्हर यांनी माणसांवर मोजून पाहिलं होतं: दुधातलं २७-२८ टक्के कॅल्शियम शोषलं गेलं आणि पालकातलं जेमतेम ५ टक्के. चुका, अळू, माठ, राजगिऱ्याची पानं हीसुद्धा ऑक्झलेटवाली मंडळी. खा जरूर, लोह-फोलेट-चोथा मिळतो, पण कॅल्शियमच्या खात्यात जमा धरू नका.

त्याउलट मुळ्याचा पाला, नवलकोलाची पानं, मोहरीची पानं, कोबीवर्गातला कुठलाही पाला. यांत ऑक्झलेट कमी, आणि या वर्गातल्या काही भाज्यांमधलं कॅल्शियम दुधापेक्षाही चांगलं शोषलं जातं. मुळ्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला दोनशेच्या वर. गंमत बघा, भाजीवाल्याकडे आपण तो पाला तिथेच मोडून टाकायला सांगतो.

विंदा_नाशिक
आमच्याकडे मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते. बेसन कमी आणि लसूण जास्त घातला तर डाएटमध्येही बसते. पाला बारीक चिरायचा, मीठ लावून पिळायचा मात्र नाही, सगळं सत्त्व पाण्यातून जातं. कडवटपणा नको असेल तर कोवळा पाला घ्या.

सत्त्वावरून आठवलं. नागलीचं (म्हणजे नाचणीचं) सत्त्व रोज सकाळी घेतलं तर चालेल ना? ते पचायला हलकं म्हणून आम्ही बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना देतो.

अन्नपूर्णा_पुणे
विंदाताई, पचायला हलकं हे खरं. पण नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम दाण्याच्या सालपटात असतं. सत्त्व काढताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाटतो आणि फडक्यातून गाळतो. फडक्यात जो चोथा उरतो त्यात सालपट जातं, खाली बसतं ते मुख्यतः पिठूळ. त्यामुळे पाकिटावर नाचणी लिहिलंय म्हणून सत्त्वाला नाचणीचे आकडे लावता येत नाहीत. मोड आणून, वाळवून, सगळंच्या सगळं दळलेलं पीठ घ्या. मोड आल्याने फायटेट (हेही कॅल्शियमला धरून ठेवतं) कमी होतं आणि कॅल्शियम सुटं व्हायला मदत होते. आंबील करताना पीठ रात्रभर आंबवतात त्याचाही तोच फायदा.

विंदा_नाशिक
अरे देवा, चोथा तर आम्ही गायीला घालतो! गायीची हाडं मजबूत. =))

कोकणी_माणूस
एवढी चर्चा झाली आणि जवळ्याचं नाव कुणी काढलं नाही?
मृण्मयीताई, तुम्ही मासे खाता म्हणून सांगतो. सुरमई-पापलेटच्या तुकडीतून कॅल्शियम फारसं मिळत नाही, कारण ते काट्यात असतं आणि काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो. मांदेली कुरकुरीत करा आणि काट्यासकट चावून खा. जवळा तर सालासकटच खातो आपण. सुके बोंबील घ्या, वाळल्यामुळे सगळं एकवटतं, १०० ग्रॅमला हजाराच्या वर जातं. अर्थात १०० ग्रॅम सुके बोंबील एका वेळी कुणी खात नाही. पण मूठभर जवळा तव्यावर कोरडा परतायचा, कांदा, ओली मिरची, दोन आमसुलं, चमचाभर तेल. भाकरीबरोबर याच्यापुढे डाएट वगैरे काही वाटत नाही.

निमडॉक्टर
सुकी मासळी खारट असते हे लक्षात असू द्या. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. रक्तदाब असेल तर आणखी जपून.

कोकणी_माणूस
डॉक्टरसाहेब, जवळा आणि बोंबील आमच्याकडे बिनमिठाचेच उन्हात वाळवतात. खारा बांगडा वेगळा, तो मिठात घालतात. पण बाजारातून आणताना चाखून बघा, हे मान्य.

स्टुटगार्टकर
इथून थोडी भर. जर्मनीत वनस्पती-दुधाची अख्खी भिंत असते दुकानात, आणि आपला माणूस आरोग्याचं म्हणून "बियो" (सेंद्रिय) लिहिलेलं उचलतो. नेमकं त्यात कॅल्शियम नसतं! युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत अशा पेयांत वरून कॅल्शियम घालायला मुभाच नाही. एका कंपनीने लिथोथॅम्नियम नावाचं चुनखडीयुक्त समुद्री शेवाळ घालून पळवाट काढली होती, तीही २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने बंद केली. त्यामुळे शेजारचं, बिनसेंद्रिय, स्वस्त पाकीट घ्यायचं. त्यावर १०० मिलीला १२० मिलिग्रॅम कॅल्शियम छापलेलं असतं, म्हणजे दुधाइतकंच.

भारतातल्या पाकिटांचं काय ते माहीतगारांनी सांगा.

चिन्मयी_वीगन
मी सांगते, माझा रोजचा विषय. :)

भारतात एफएसएसएआयने (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२१ मध्ये कडक धोरण घेतल्यापासून "मिल्क" ऐवजी ड्रिंक किंवा बेव्हरेज लिहिलेलं दिसेल, तेव्हा नावात अडकू नका, मागची बाजू वाचा. घटकांच्या यादीत कॅल्शियम कार्बोनेट (आयएनएस १७०; आयएनएस म्हणजे अन्नात घालायच्या घटकांचा ठरलेला क्रमांक) किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (आयएनएस ३४१) आहे का बघा. नसेल तर ते कॅल्शियमसाठी नाही, नुसतं चवीसाठी. घरी केलेलं सोया दूध, काजूचं दूध, नारळाचं दूध हे सगळं यातच आलं. घरचं आहे म्हणून गुणकारी असं इथे चालत नाही. साध्या सोया दुधात १०० मिलीला पंचवीसेक मिलिग्रॅम, नारळाच्या दुधात त्याहून कमी आणि वर कॅलरी.

आणि पाकीट हलवा! हे कुणीच सांगत नाही. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. आमच्याकडे पाकीट संपल्यावर मी एकदा कात्रीने कापून बघितलं, तर कोपऱ्यांत खडूच्या लगद्यासारखा पांढरा थर. म्हणजे पैसे दिले कॅल्शियमचे आणि ते गेलं कचऱ्याच्या डब्यात. प्रत्येक वेळी ओतण्याआधी चांगलं खळखळून घ्या.

टोफूचंही तसंच. कॅल्शियम सल्फेटने (आयएनएस ५१६) जमवलेला असेल तर १०० ग्रॅमला दोनशे ते साडेतीनशे मिळतं. मॅग्नेशियम क्लोराइडने (आयएनएस ५११) जमवला असेल तर खूपच कमी. दिसायला दोन्ही सारखेच.

शमा_के
आत्ता माझं ओटचं पाकीट बघून आले. १७० नाही, ३४१ नाही. साखर मात्र आहे. गेलं माझं पाकीट भावाच्या घरी, त्याला आवडतं.

सदाशिव_पेठकर
एवढा खर्च कशाला? गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यातून किंवा वरणातून रोज घ्यावा. आजोबा विड्यात खायचे, ऐंशीव्या वर्षी गड चढले. मेक्सिकोतसुद्धा चुना खातात.

निमडॉक्टर
हा सल्ला व्हॉट्सॅपवरून दर महिन्याला माझ्याकडे येतो, म्हणून सविस्तर. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली. तोंड, घसा, अन्ननलिका पोळू शकते. गव्हाच्या दाण्याचं माप प्रत्येकाच्या हातात वेगळं. पानटपरीवरच्या डबीत आणखी काय काय आहे हे कुणी तपासत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग तो धुऊन त्याचं पीठ करतात. त्या टॉर्टियातून कॅल्शियम मिळतं हे खरं, पण कुणी चुना चाटत नाही. आजोबा गड चढले ते चढायची सवय होती म्हणून.

मृण्मयी, गोळ्यांबद्दल. बद्धकोष्ठ बहुधा कॅल्शियम कार्बोनेटमुळे झाला असेल. सायट्रेटचा त्रास तुलनेने कमी होतो, डॉक्टरांना विचारून बदलता येईल. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, सायट्रेट कधीही चालतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, जास्तीचं नीट शोषलं जात नाही. पाकिटावर "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ" लिहिलेलं असलं तरी त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. मूतखड्याचा इतिहास असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका.

ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असेल तर हे सगळं पोटात जाऊनही फार उपयोग नाही. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन त्यासाठी कामाचं नाही.

मृण्मयी_ठाणे
बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. थायरॉइडची गोळी चालू आहे, मागच्या वेळी हे अंतर कुणी सांगितलंच नव्हतं.

मी माझ्यापुरता कच्चा हिशेब केला:
नाचणीच्या दोन मध्यम भाकऱ्या, शंभर ग्रॅम पीठ: ३५०
मुळ्याचा किंवा नवलकोलाचा पाला, वाटीभर भाजी: २०० च्या आसपास
कॅल्शियमवालं सोया दूध २०० मिली: २४०
तीळ दोन छोटे चमचे: १००
वाटीभर पातळ ताक, आणि आठवड्यातून दोनदा जवळा वा मांदेली.
हजाराच्या जवळ जातंय ना? कॅलरी मोजल्या तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळून सातशेच्या आत बसतंय.

एक शंका. रक्तात कॅल्शियम तपासलं तर ९.४ आलंय, नॉर्मल. मग मी उगाच घाबरतेय का?

अन्नपूर्णा_पुणे
हिशेब छान जमलाय, फक्त तिळाला पूर्ण शंभर देऊ नका. तिळातलं कॅल्शियम बहुतेक सालीत असतं आणि तेही बरंचसं ऑक्झलेटच्या रूपात. पॉलिशचे पांढरेशुभ्र तीळ असतील तर साल आधीच गेलेली. गावरान तीळ भाजून, कुटून चटणीत घाला, अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. माझ्या मते तीळ बोनस धरावेत, भिस्त ठेवू नये. शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीचंही असंच. "दुधाच्या सतरा पट" ही जाहिरात १०० ग्रॅम वाळक्या पावडरीची आहे, चमचाभरात चार-पाच ग्रॅमच मावते. ताजा पाला मिळाला तर भाजी करा, ती उत्तम.

रक्तातल्या आकड्यावरून आहाराचा अंदाज बांधू नका. रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर सांभाळतं, आहारात कमी पडलं तर हाडांतून काढून घेतं. रिपोर्ट वर्षानुवर्षं नॉर्मल येतो आणि हाडं विरळ होत असतात. हाडांची घनता बघायची तर डेक्सा स्कॅन. तुम्हाला तो आत्ता करायचा की पाळी थांबल्यावर, हे डॉक्टर ठरवतील. आणि वजन उतरताना हाडांची घनताही थोडी उतरते, त्यामुळे नुसतं चालणं पुरेसं नाही, वजनं उचला. पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात केली तरी चालेल.

आता मला तुमच्यापेक्षा लेकीची काळजी जास्त वाटतेय. राग मानू नका. हाडांची भर पडते ती विशी-पंचविशीपर्यंत, पुढे आहे ते राखायचं असतं. ती वीगन आहे हे ठीक, नीट नियोजन केलं तर जमतं. पण ती स्वतःही कमी खातेय का? पाळी नियमित आहे का?

मृण्मयी_ठाणे
राग कसला. वाचून तिला विचारलं. माझ्यासोबत तीही १३०० च खातेय म्हणे, "कंपनी" म्हणून, आणि रोज तासभर झुंबा. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येतेय, परीक्षेच्या टेन्शनमुळे असेल असं तिला वाटतं.

निमडॉक्टर
हे टेन्शनवर सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा. पीसीओएस (बीजकोशांशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड), थायरॉइड असं काहीही असू शकतं. पण एक शक्यता अशी की खर्चाच्या मानाने अन्न कमी पडतंय. तसं झालं की शरीर पाळी मागे ढकलतं, इस्ट्रोजेन उतरतं आणि त्याबरोबर हाडंही झिजायला लागतात. तिथे कितीही सोया दूध ओतलं तरी भरून निघत नाही, आधी पोटभर जेवण लागतं. १९ वर्षांच्या, रोज झुंबा करणाऱ्या मुलीला तुमचा तक्ता नको. बी १२ ही तपासून घ्या, वीगन असेल तर ते गोळीतूनच घ्यावं लागतं.

चिन्मयी_वीगन
ताई, तिला माझ्याशी बोलायचं असेल तर नक्की निरोप पाठवायला सांगा. मीही कॉलेजात असताना वीगन झाले. मुलींना "दूध पी" म्हटलं की भांडण होतं, "टोफू-पोळीचा रोल घे, शेंगदाण्याची चटणी भरपूर लाव" म्हटलं की खातात.

मृण्मयी_ठाणे
गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली. लेक कुरकुरली, पण टोफू रोलवर तह झालाय. तोवर एक स्वयंपाकातली अडचण: नाचणीची भाकरी माझ्याकडे थापताना कडांनी चिरते आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे होतात. गहू मिसळावा का?

विंदा_नाशिक
गहू कशाला! जेवढं पीठ तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळा. गॅस बंद करून पीठ एकदम ओता, लाटण्याच्या टोकाने ढवळा आणि पाच मिनिटं घट्ट झाकून ठेवा. मग हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच पाण्याचा हात लावून चांगलं मळा, हाच मुख्य भाग. गार झालं की चिरणारच. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्या, बाकी झाकलेलं राहू द्या. थापायला जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या कागदात ठेवून हलक्या हाताने लाटा. तव्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायला विसरू नका.

गोखलेबुवा
आणि वर लोण्याचा गोळा.

शमा_के
बुवा!!

गोखलेबुवा
बरं, जवळा. कोकणी माणूस, पाकृचा वेगळा धागा काढा, इथे डाएटवाले ऐकतायत.